शेळके सरांचा शनिवार

सरांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सरांच्या घरून काकू आल्या आहेत. काकू, तुम्हाला नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हणाले होते. मग सर आठवले. सर असते तर म्हणाले असते, "सविता, तोंडातल्या तोंडात नाही म्हणू नको. समोर बघून नाही म्हण, आणि का ते सांग." मला का ते सांगता येईना. म्हणून उभी राहिले. मध्येच थांबेन कदाचित. तेवढं सांभाळून घ्या.

इथं सरांचे वाळूजच्या कारखान्यातले सोबती बसले आहेत. तुमच्यासाठी ते शेळके फोरमन. नातेवाईक आहेत, शेजारी आहेत. तुमच्यासाठी ते अण्णा. आणि मागं जी मुलं-मुली उभी आहेत, जागा असूनही जी बसायला तयार नाहीत, त्यांच्यासाठी ते सर. पुंडलिकनगरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत जर्मन शिकवणारे सर. खाली गिरणी सुरू झाली की वर आम्हाला ओरडून जर्मन बोलावं लागायचं. सर म्हणायचे, "अरे बाबांनो, तिथं गेल्यावर एवढ्या मोठ्यानं बोलू नका. तिथं खाली गिरणी नाही."

मी सविता. लासूर स्टेशनच्या अलीकडं आमचं गाव. वडील मेंढरं राखतात. घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवी हातात आली आणि पुढं काय, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील म्हणाले, "तू शिकलीस, आता तूच सांग." मी सरांच्या क्लासची पाटी बघितली आणि जिना चढले. सरांना म्हणाले, "सर, मला परदेशात नोकरी पाहिजे." सर म्हणाले, "नोकरीचं नंतर बघू. तुमच्या घरी पाहुणा आला तर आधी पाणी देता की आधी खुशाली विचारता?" मला वाटलं, माणूस जरा तिरपट दिसतोय.

तोच माणूस गेला आणि आज मला कळत नाही की मी कुणाला काय विचारू.

मी इथं सरांचं कौतुक करायला आले नाही. कौतुक त्यांना आवडायचं नाही. मी मागायला आले आहे. काय मागायला, ते सांगते. पण त्यासाठी आधी शीतलबद्दल सांगावं लागेल.

शीतल आमच्याच भागातली. नर्सिंग झालेली. सरांच्या पहिल्या पहिल्या मुलींपैकी. तेव्हा सर फक्त भाषा शिकवायचे. व्याकरण, पत्र, परीक्षेचे पेपर. शीतल सगळ्या परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली आणि जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात कामाला लागली. आम्ही पेढे खाल्ले. सरांनी भिंतीवर तिचा फोटो लावला.

तिथं एक आजी अखेरच्या घटका मोजत होत्या. त्यांना गिळता येत नव्हतं. तोंडानं काही द्यायचं नाही, अशी सूचना होती. शीतलला ती वाचता येत होती. तिला सगळे शब्द येत होते. पण आजींचे ओठ सुकलेले होते, जवळ त्यांचं माणूस कुणी नव्हतं, आणि शीतल लासूरची पोरगी. तिनं काय केलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तिनं चमचाभर पाणी घेतलं आणि आजींच्या तोंडात सोडलं.

ते श्वासनळीत गेलं. धावपळ झाली. आजी त्या वेळी वाचल्या. शीतलला आश्रमाच्या मोठ्या बाईंनी बोलावलं आणि विचारलं, का केलंस? शीतल खाली मान घालून उभी राहिली. आपल्याकडं मोठं माणूस रागावलं की आपण असंच उभं राहतो. तो मान असतो. तिथं त्यांना वाटलं, ही काहीतरी लपवतेय. जितकी ती गप्प, तितका त्यांचा संशय वाढत गेला. तिला कामावरून काढायची वेळ आली.

तिनं सरांना फोन केला. मी तेव्हा वर्गात होते, फोन स्पीकरवर होता. सरांनी विचारलं, "पण तू त्यांना सांगितलं का, पाणी का पाजलं ते?"

शीतल म्हणाली, "कसं सांगू सर? हे तुम्ही शिकवलंच नाय."

तुम्ही सरांना रागावलेलं बघितलं असेल, हसताना बघितलं असेल. मी त्यांना त्या वाक्यानंतर बघितलं आहे. त्यांनी फळ्यावर लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. मग म्हणाले, "ती खरं बोलते आहे. मी तिला पाणी शब्द शिकवला. चमचा शिकवला. तोंड शिकवलं. माणूस मरताना तिथले लोक काय करतात, ते मी तिला सांगितलं नाही. आणि आपण काय करतो ते त्यांना सांगायचं कसं, तेही शिकवलं नाही."

मग त्यांनी फोनवर तिच्याकडून तयारी करून घेतली. लांबलचक काही नाही. एवढंच, की आमच्याकडं कुणालाही कोरड्या ओठांनी जाऊ देत नाहीत. मी तुमचा नियम मोडला, माझं चुकलं. पण मी ते मायेनं केलं. आणि सर म्हणाले, "मान वर. डोळ्यांत बघून सांग. तिथं तोच मान असतो."

शीतल गेली आणि बोलली. त्या मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, कपाटातून काडीला लावलेला छोटासा स्पंज काढला, पाण्यात बुडवला आणि शीतलच्या हातात दिला. म्हणाल्या, "आमच्याकडंही जाऊ देत नाहीत. चल, कसं करायचं ते दाखवते."

शीतलची नोकरी राहिली. आजी गेल्या तेव्हा त्यांचे ओठ ओले होते. शीतलनंच ते केले होते.

त्यानंतर सरांनी शनिवार सुरू केला.

शनिवारी पुस्तक उघडायचं नाही. सर एक गोष्ट विचारणार. पाहुणा आला तर काय करता? आजाऱ्याला भेटायला गेलात तर काय बोलता? साहेबाचं चुकलं तर त्याला सांगता का? आधी आपल्या घरचं सांगायचं, आणि का करतो तेही सांगायचं. माहीत नसेल तर घरी विचारून यायचं. मग सर तिथलं सांगणार. आणि शेवटी दोन्हीच्या मध्ये उभं राहून काय बोलायचं, ते जर्मनमध्ये.

सर स्वतःचं सांगायचे तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. कारखान्यानं त्यांना तिकडं शिकायला पाठवलं, तेव्हा तिथला उस्ताद मशीन समजावून सांगायचा आणि विचारायचा, समजलं का? सर म्हणायचे, हो. कारण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शेवटी मशीन बंद पडलं. उस्ताद म्हणाला, "शेळके, तुझं हो मला फार महाग पडतंय. मला तुझा एखादा नाही दे." सर आम्हाला म्हणायचे, "माझा पहिला खरा जर्मन शब्द नाही हा होता. तो तोंडातून काढायला सहा महिने लागले."

एका शनिवारी त्यांनी विचारलं, तुमच्या घरी माणूस जायला लागलं की काय करता? असं भरल्या वर्गात कुणी विचारतं का? मग मी सांगितलं, तुळशीचं पाणी देतो. माझ्या शेजारी नजमा बसायची. आजही इथं आहे. किराडपुऱ्याहून यायची, माझ्याच बाकावर वर्षभर बसली होती, आम्ही एकमेकींचा डबा खायचो. ती म्हणाली, "सर, हमारे में भी पानीच देते. मक्के के जमजम का रहा तो वो, नहीं तो सादा." मी तिच्याकडं बघतच राहिले. वर्षभर एका बाकावर, आणि मला हे माहीत नव्हतं. सर म्हणाले, "बघा. जर्मन शिकायला बसलात आणि शेजारीण सापडली." मग म्हणाले, "ज्याला शेजारच्या घरातलं विचारावंसं वाटत नाही, त्यानं विमानात बसून काय उजेड पाडायचा?"

आणि एका शनिवारी त्यांनी विचारलं होतं, दुःखाच्या घरून निघताना तुम्ही काय म्हणता? आम्ही म्हणालो, काही नाही. का? माहीत नाही. मी घरी जाऊन आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमचा मास्तर तसलंच काय काय इचारतो का गं? दुसरं काम नाय त्याला?" मी म्हणाले, "सांग ना." तेव्हा म्हणाली, "अगं, तसल्या घरी येते म्हणत नसत्यात. पुन्हा तसल्या कामाला याची पाळी येऊ नये म्हणून. उठायचं अन् गुमान निघायचं." मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आता ऐका. तिथं दफन झाल्यावर लोक एकत्र बसतात, कॉफी पितात, केक खातात. गेलेल्या माणसाच्या गमती सांगतात. कुणी हसतंसुद्धा. तुम्हाला बोलावलं तर जायचं. नाही म्हणालात तर त्यांना वाटेल, तुम्हाला त्यांचं दुःख नको आहे. तुम्हाला तो घास घशाखाली जाणार नाही. तरी खायचा. आपल्याकडं न खाणं माया असते, तिथं खाणं माया असते."

सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शीतलचा फोन आला. ती कामावर रडली. तिथल्या बायकांनी विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं, माझे गुरुजी गेले. त्यांनी टेबलावर कॉफी मांडली, केक कापला, आणि म्हणाल्या, सांग आम्हाला, कसे होते ते. शीतल मला म्हणाली, "मी खाल्ला गं सविता. सुतकात केक खाल्ला. गिरणीचं सांगितलं, तर त्या हसल्या, अन् मी पण हसले. चाललं ना गं?" मी म्हणाले, "चाललं." पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे सांगणारी मी कोण? हे तिनं सरांना विचारायचं होतं.

आता जे सांगते, त्यासाठी काकूंची परवानगी घेतली आहे.

सरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते, तोंडात नळी होती. डॉक्टरांनी दुपारी सांगितलं की आता आशा नाही. भेटायच्या वेळेला काकू आत गेल्या, मी त्यांच्याबरोबर. काकूंच्या पदराखाली तांब्याची लहान लोटी होती, त्यात तुळशीचं पाणी. तिथली नर्स तरुण मुलगी होती, भली होती. म्हणाली, "काकू, नळी आहे. पाणी नाही देता येणार."

काकू खाली मान घालून उभ्या राहिल्या. आपल्याकडं आपण असंच उभं राहतो. मग माझ्याकडं वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग तसंच जाऊ द्यायचं का गं त्यांना?"

मला शीतल आठवली. तो स्पंज आठवला. मी मान वर केली, त्या नर्सच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "ताई, पाणी पाजायचं नाही. ओठ ओले करायचे आहेत, बस. आमच्याकडं कोरड्या ओठांनी कुणाला जाऊ देत नाहीत. तुमच्याकडंही नसतील देत." ती डॉक्टरांना विचारून आली. तिनं कापसाचा बोळा स्वतः भिजवला, पिळला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी सरांचे ओठ पुसले. पुन्हा भिजवला, पुन्हा पुसले.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

मी म्हणाले, "सरांकडंच. शनिवारी."

लोकहो, हे कुठल्या परीक्षेत येतं? मला सांगा. कुठल्या पेपरात हा प्रश्न येतो, आणि किती मार्कांना?

कारण हाच प्रश्न आता सरांच्या घरात बसला आहे. शहरातल्या एका मोठ्या क्लासचे गृहस्थ काकूंना भेटून गेले. वाईट माणूस नाही. रीतीप्रमाणे आले, हात जोडून बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, मुलांना आम्ही पुढं शिकवू, त्यांचं नुकसान होऊ देणार नाही. मी तिथंच होते. मी विचारलं, "आणि शनिवार?" ते म्हणाले, "ताई, ते परीक्षेत येत नाही हो. मुलांना निकाल पाहिजे. शनिवारी आम्ही पेपर सोडवून घेऊ." ते खोटं बोलत नव्हते. मुलांना निकाल पाहिजेच. मलाही पाहिजे होता. माझ्या वडिलांनी या क्लासचे पैसे दिले ते मी नजमाच्या घरची रीत शिकावी म्हणून नाही. हे मी समजते. हे समजतं म्हणूनच मला रात्रंदिवस घोर लागला आहे.

काकूंनी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही. आज इथून घरी गेल्यावर देणार आहेत.

मी घेते शनिवार, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. खरं तेच सांगते. नव्या मुलांना पहिले धडे मी शिकवते, तेवढंच मला येतं. मी जर्मनी बघितलेली नाही. मी विमानात बसलेली नाही. माझी जर्मनी म्हणजे सर. ते सांगायचे तेवढीच मला माहीत. तिथं बाळंतिणीला बघायला जाताना काय नेतात? माहीत नाही. लग्नाला न बोलावलेला माणूस गेला तर चालतं का? माहीत नाही. हे सगळं पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी येणार होतं. सरांनी यातलं काही लिहून ठेवलं नाही. मी म्हणायचे, सर, पुस्तक लिहा. तर म्हणायचे, "पुस्तक लिहिलं की तुम्ही पाठ कराल. मग घरी कोण विचारून येईल?"

गेल्या शनिवारी मुलं आली. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या पाळीची सुटून आली, कुणाच्या अंगावर कारखान्याचे कपडे होते. जागेवर बसली. माझ्याकडं बघत राहिली. मी उभी राहिले. मला एक प्रश्न सुचला नाही. एकही नाही. खाली गिरणी चालू होती, तिचाच आवाज येत होता. शेवटी मी म्हणाले, "जा रे घरी." मुलं उठली आणि गुमान निघाली. कुणी येतो म्हणालं नाही. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला आणि मी सरांच्या फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. शनिवार गेला, तो सरांबरोबरच गेला, असं मला त्या वेळी वाटलं. खोटं कशाला बोलू, आत्ताही वाटतं आहे.

या मुलांमधल्या काही मुली काही महिन्यांत निघतील. त्यांचे शब्द पक्के आहेत. त्या कुणाच्या तरी उशाशी उभ्या राहतील. एखाद्या परक्या म्हातारीच्या, एखाद्या आजोबांच्या. त्यांच्या हातून मायेनं काहीतरी चुकेल. त्यांना विचारलं जाईल, का केलंस? आणि त्या मान खाली घालून गप्प उभ्या राहतील. त्या वेळी त्यांनी कुणाला फोन करायचा? सरांचा नंबर अजून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मी परवा लावून बघितला. काकू, तुम्ही उचललात. तुमचा आवाज ऐकला आणि मी फोन ठेवून दिला.

म्हणून मागते. काकू, सगळ्यांसमोर मागते, कारण एकटीनं मागायची माझी हिंमत नाही. सोमवार द्या, मंगळवार द्या, सगळे दिवस त्या गृहस्थांना द्या. ते चांगलं शिकवतील. मुलं पास होतील. शनिवार देऊ नका. तो मला द्या असंही मी म्हणत नाही. तो आम्हा सगळ्यांकडं राहू द्या. वाळूजचे काका लोक इथं आहेत. तुमच्यातले काही सरांबरोबर तिकडं जाऊन आले आहात. एखाद्या शनिवारी जिना चढून या. तुम्हाला तिथं काय चुकलं, तेवढं सांगा. शीतल फोनवरून सांगेल. मी फक्त विचारेन. विचारायचं कसं, तेवढं सरांनी मला शिकवलं आहे. गेल्या शनिवारी ते मी विसरले होते.

हे जमेल का? मला माहीत नाही. बहुतेक नाही जमणार, असंच सारखं वाटतं. पण सरांना मी नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागेल, आणि ते मला आजही सांगता येत नाही.

आता आपण सगळे थोडा वेळ उभं राहू. कुणी काही बोलू नये. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. सरांनी तुम्हाला विचारलेला एखादा प्रश्न आठवा, आणि त्याचं उत्तर मनात त्यांना द्या.

आणि हे झालं की आपल्या रीतीप्रमाणे आपण गुमान निघू. कुणी कुणाला काही म्हणणार नाही. आई तिथं मागं बसली आहे. आई, तुझी रीत मला ठाऊक आहे, का आहे तेही ठाऊक आहे. पण आज एवढी एक मी मोडते. मला सांभाळून घे.

काकू, खोलीला कुलूप असलं तर मी जिन्याच्या पायरीवर बसेन. पण शनिवारी मी येते.

सर, येते.